गोजरबाई सांगेल ती तिथी

गोजरबाई गेली ती सवाष्ण गेली. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, ओटीत खोबऱ्याची वाटी, सगळं यथासांग झालं. सावळखेडातल्या बायांनी हात जोडले आणि म्हटलं, नशीब काढलं बाईनं. ज्या नवऱ्याच्या दीर्घायुष्यामुळे हे नशीब तिला लाभलं, तो उकंडराव तेव्हा जलंबला दुसऱ्या बायकोच्या हातची भाकर खात होता. त्याला निरोप धाडला होता. तो आला नाही. पंचेचाळीस वर्षांत ज्या बायकोचं तोंड पाहिलं नाही, ते मेल्यावर पाहून काय उपयोग, असा व्यवहारी विचार त्यानं केला असावा.

त्यानं तिला का टाकलं ते शेवटी सांगेन, कारण मलाही ते उशिराच कळलं. आधी ती काय करायची ते सांगते.

सावळखेड म्हणजे संग्रामपूरच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याला टेकलेलं दीडशे उंबऱ्यांचं गाव. त्या काळी वऱ्हाडाची मालकी म्हणे हैदराबादच्या निजामाची, राज्य गोऱ्या साहेबाचं आणि कारभार नागपूरहून. एवढे सगळे धनी असूनही गावातली कोणती पोर कधी शहाणी झाली, हे ठरवायचा अधिकार एकट्या गोजरबाईचा होता.

पोरींची लग्नं आठव्या-नवव्या वर्षीच उरकलेली असत. लग्न झालं तरी पोर माहेरीच राही. तिला न्हाण आलं की सासरी साखर जाई, मग मखर, ओटी आणि पाठवणी. पण साखर जाण्याआधी गावच्या जोशाला दिवस सांगावा लागे. जोशी पंचांग उघडून तिथी, वार, नक्षत्र पाही, त्या वेळी अंगावर वस्त्र कोणतं होतं ते विचारी आणि फल सांगे. चंद्र वाढता असेल तर संसार वाढता. सोमवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार चांगले. वस्त्र पांढरं असेल तर सोन्याहून पिवळं. अमावास्या, चौथ, नवमी, मंगळवार, शनिवार, तांबडं किंवा फाटकं वस्त्र, यातलं एखादं निघालं तर शांत करावी लागे. आणि दोन-तीन एकदम जुळून आले, तर पोर नवऱ्याच्या जिवाला वाईट. अशा पोरीला सासरचे नेत नसत. नेलीच असेल तर आणून घालीत.

हे जोशी म्हणजे माझे आजोबा, शेषराव जोशी. माणूस सरळ, सोवळा आणि शास्त्रापुढे घरच्यांचंही न ऐकणारा. गावातल्या प्रत्येक पोरीचं न्हाण ते एका लांब वहीत लिहून ठेवीत: नाव, तिथी, वार, नक्षत्र, वस्त्र, फल. पोरीला किंवा तिच्या आईला विचारायचं म्हणजे सभ्यपणा नव्हे. म्हणून ते गोजरबाईला विचारीत. ती आमच्या अंगणात येऊन उभी राही आणि म्हणे, "महाराज, अमक्याच्या पोरीले न्हाण आलं. आज सकाळी." ती आली तो दिवस खरा. ती निघाली नाही तोवर न्हाण आलंच नाही. याबद्दल तिला पोरीच्या घरून एक चोळखण आणि साखर मिळे. बाकी पोटापुरतं ती कापूस वेचून आणि बाळंतिणींची अंगं चोळून कमावी. सवाष्ण असून तिला घरचा पाश नव्हता, त्यामुळे शुभकार्याला बोलावणं सोपं पडे. टाकलेल्या बायकोचा गावाला असाही उपयोग असतो.

आता गोजरबाईला अक्षर येत नव्हतं, पण आभाळ येत होतं. चंद्र कधी उगवेल, बीज कोणत्या वारी पडेल, हे ती आजोबांच्या आधी सांगे. एखाद्या घरी वाईट दिवशी न्हाण आलं की पोरीची आई पदर तोंडाला लावून गोजरबाईकडे पळे. गोजरबाई बोटं मोजी आणि म्हणे, "रडू नको. पोरीले गोवर आला." मग त्या दाराला निंबाचा पाला लटके. माता अंगात आलेल्या घरात परका माणूस पाऊल टाकत नाही. न्हावी नाही, पाटील नाही, जोशी तर नाहीच. गोजरबाई पोरीजवळ दोन, तीन, लागले तर पाच दिवस बसून राही. चांगली तिथी आली की पाला उतरवी, गोवर गेला म्हणून सांगे आणि दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला न्हाण आलं म्हणून सांगे.

शास्त्राच्या दृष्टीनं हे महापाप होतं. मातेच्या खोलीत विटाळाची सावलीसुद्धा चालत नाही, आणि इथे तर विटाळशीलाच मातेच्या नावानं आत बसवलेलं. एका आईनं भीत भीत तसं विचारलं होतं. गोजरबाई म्हणाली, "माता बी बाईच हाय. तिले समजत नसन का?" मातेला समजत असावं, कारण त्रेचाळीस वर्षांत तिनं एकदाही तक्रार केली नाही.

तक्रार केली ती देवी टोचणाऱ्या रज्जाकमियांनी. ते सरकारी नोकर, तट्टावर बसून गावोगाव फिरायचे. त्यांच्या कागदात असं दिसू लागलं की सावळखेडात गोवर फक्त अंधाऱ्या पाखात येतो, फक्त बारा ते चौदा वर्षांच्या पोरींना येतो आणि पोरांना बिलकूल येत नाही. ते आमच्या ओसरीवर येऊन म्हणाले, "जोशीबुवा, ये चाँद का असर दिखता." आजोबांना भरून आलं. ते म्हणाले, "मियाँ, मी वीस वर्षं हेच सांगून राहिलो." दोन विद्वानांचं एकमत झालं. जाताना रज्जाकमियांनी एका गोवरवाल्या घराच्या खिडकीतून आत नजर टाकली. रोगी मांडी घालून भुईमुगाच्या शेंगा फोडत होता. मियाँ चार मुलींचे बाप होते. त्यांनी कागदावर लिहिलं, 'रोग्यास आराम आहे,' आणि तट्टू वळवलं.

इथवर सगळं ठीक होतं. पण आजोबांना एक दिवस वही चाळताना साक्षात्कार झाला. एकशे चाळीस नोंदी, आणि पहिलीचा अपवाद सोडला तर एकही अमावास्येची नाही, एकही मंगळवारची नाही! सगळ्या जणींच्या अंगावर पांढरं वस्त्र! सावळखेडात पांढरं लुगडं फक्त विधवा नेसत आणि पोरी परकरात वावरत, ही गोष्ट त्यांच्या डोळ्यांपुढे रोज होती. पण शास्त्री माणसाला वहीत दिसतं ते अंगणात दिसत नाही. त्यांनी 'चंद्र आणि स्त्रीधर्म' नावाचं बत्तीस पानांचं पुस्तक लिहिलं आणि खामगावला छापून घेतलं. सार असं: समुद्राला जसा चंद्र ओढतो, तसा स्त्रीच्या देहालाही ओढतो, जे गाव आचारानं शुद्ध असतं तिथे हा ओघ वाढत्या चंद्राबरोबरच चालतो, सावळखेडाचा पुरावा सोबत जोडला आहे. सबब जिला अमावास्येला न्हाण आलं, तिच्यात किंवा तिच्या कुळात दोष समजावा, आणि शांत करूनही तिला सासरी नेऊ नये.

आधी निदान शांत करून भागत होतं. आजोबांनी ती वाटही बुजवली, आणि तीही गोजरबाईच्या पुराव्यावर.

सहा महिन्यांत शेजारच्या गावची एक पोर सासरहून परत आली. सासऱ्यानं पुस्तकातलं पान काढून दाखवलं होतं. त्या दिवशी गोजरबाई आमच्या अंगणात आली, पण न्हाण सांगायला नाही. "महाराज, ते पुस्तक काऊन काढलं?" तिनं विचारलं. आजोबा म्हणाले, "तुला नाही समजायचं ते, गोजर." ती म्हणाली, "हाव, मले कुठून समजणार," आणि निघून गेली. पुढचे आठ दिवस ती कोणाच्या दारी गेली नाही. मला तेव्हा वाटलं, बाई आजोबांवर रागावली. आता वाटतं, ती स्वतःवर रागावली होती.

पुस्तकाचे सर्वांत मोठे भक्त निघाले वामनराव, खामगावचे वकील आणि माझे सासरे. माझं लग्न नवव्या वर्षी त्यांच्या धाकट्या मुलाशी झालं होतं. त्यांनी पुस्तकाच्या पाच प्रती घेतल्या आणि कोर्टात इतर वकिलांना वाटल्या. पुरावा असावा तर असा, असं ते म्हणत.

आणि मग पोळा आला. साल सांगत नाही. त्यावरून माझं वय निघतं. मी तेरा वर्षांची होते. पोळा म्हणजे श्रावणी अमावास्या, आणि त्या वर्षी ती मंगळवारी आली होती. नक्षत्र पूर्वा. मी सकाळी स्वयंपाकघरात पुरण वाटत बसले होते, अंगावर तांबडा परकर, तोही शिवणीत फाटलेला. उठले आणि आईनं मागून पाहिलं. एवढे कुयोग एका पोरीनं एका सकाळी गोळा करावेत, याचं खरं तर आजोबांनी कौतुक करायला हवं होतं.

आई, कौशल्याबाई, हातातली पळी टाकून पाट्यापाशी आली. "आता गं काय करू? हे शिकल्यासवरल्या वकिलाचं घर." माझा बापाविना, विधवा आईजवळ वाढलेला जीव, हे सासर सुटलं तर दुसरं मिळणार नाही, हे मलाही कळत होतं. वडील मी तीन वर्षांची असताना गेले होते. देवघर आणि स्वयंपाकघर यांत एक कुडाची भिंत. पलीकडे आजोबांची घंटा वाजत होती ती थांबली.

ते बाहेर आले. आमच्याकडे पाहिलं नाही. पंचांग काखेला मारलं आणि पायात वहाणा न घालता निघाले. पुढचं मला गोजरबाईनं नंतर सांगितलं, आजोबांची नक्कल करून. जन्मात त्या गल्लीत न गेलेला माणूस तिच्या दारासमोर, बैल धुवायला निघालेल्या लोकांच्या गर्दीत उभा राहिला. घाम पुसला. म्हणाला, "गोजर, आज तिथी कोणती?"

"मले काय पुसता, महाराज? पंचांग त तुमच्यापाशी हाय."

आजोबांनी काखेतलं पंचांग आणखी घट्ट दाबलं. "पंचांग घरी राहिलं."

गोजरबाई म्हणे, हसूही आलं आणि रडूही. "मंग मी सांगतो," ती म्हणाली. "आज तुमच्या नातीले गोवर आला. तुमी घरी जा. तुमाले काईच मालूम नाई."

दुपारच्या आत आमच्या मागच्या खोलीला पाला लागला. मी आत, गोजरबाई उंबऱ्याशी. बाहेर बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज येत होता आणि मी घाबरून रडत होते, की मी नवऱ्याला मारणार. नवरा मी लग्नानंतर एकदाच पाहिला होता, चिंचा खाताना. गोजरबाई म्हणाली, "काई मरत नाई तो. बाईच्या अवसेनं मरत असते, त गावात एक बी गडी उरला नसता." असलं सांत्वन मला पुढे कोणी केलं नाही.

दुसऱ्या दिवशी, पोळ्याच्या करीला, वामनरावांची बैल जुंपलेली दमणी दारात येऊन थांबली. पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढायची, खामगावच्या सभेत ते वाचायचं, त्यासाठी आजोबांशी बोलायला ते मुद्दाम आले होते. पाला पाहून त्यांनी चौकशी केली. गोवर म्हटल्यावर ओसरीतच मुक्काम केला आणि दिवसभर अमावास्येच्या पोरी किती घातक असतात ते आजोबांना आजोबांच्याच पुस्तकातून वाचून दाखवलं. आजोबा त्या दिवशी जेवले नाहीत.

गुरुवार उजाडला. द्वितीया, हस्त नक्षत्र. गोजरबाईनं पाला उतरवला, आमच्याच मागच्या दारानं बाहेर पडली, गल्लीला वळसा घालून पुढच्या दारानं अंगणात आली आणि मोठ्यानं म्हणाली, "महाराज, तुमच्या रुक्मीले न्हाण आलं. आज सकाळी."

वामनराव सरसावून बसले. "थांबा. गोवर होता ना? दोन दिवसांत गेला?"

"मातेनं पाय काढला अन् न्हाण आलं, वकीलसाहेब. तिचाच परसाद."

वामनरावांनी खिशातून कागद काढून हे टिपून घेतलं. दुसऱ्या आवृत्तीला नवा मुद्दा मिळाला. "वेळ?"

"दिवस हातभर वर आला तवा."

"वस्त्र?"

"पांढरं."

हा शब्द ती एकशे बेचाळीस वेळा बोलली होती आणि एकशे बेचाळीस वेळा तो निमूट वहीत गेला होता. वामनराव मात्र वकील होते. त्यांनी लिहिता हात थांबवला. "पांढरं? तेरा वर्षांच्या सौभाग्यवती मुलीच्या अंगावर पांढरं वस्त्र कुठून आलं?"

मी दाराच्या फटीला डोळा लावून होते. गोजरबाईचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. मला वाटलं, संपलं. आता मी जन्मभर याच खोलीत.

"माझं धोतर," आजोबा म्हणाले.

वामनराव वळले.

"गोवराच्या पोरीला कोरं टोचतं. जुनं, धुतलेलं धोतर पांघरायला मीच दिलं. दुसरं काही नव्हतं अंगावर." आजोबांनी वामनरावांच्या कागदाकडे बोट केलं. "लिहून घ्या. शेषराव जोशी याची साक्ष."

आजोबांकडे धोतरं दोनच होती. एक ते नेसले होते. दुसरं वामनरावांच्या डोक्यावर, ओसरीच्या दोरीवर वाळत होतं. तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ते दिसत होतं. वकिलांनी मान वर केली असती तर त्यांच्या नाकाला लागलं असतं. पण ते कागदावर 'श्वेत' असं लिहीत होते. मग त्यांनी साखर मागवली, आजोबांना मिठी मारली आणि दुपारी दमणी जुंपून गेले.

मी आता रीतसर विटाळशी झाले होते, म्हणून मला गोठ्याच्या पडवीत बसवलं. तिथून अंगण दिसत होतं. आजोबांनी वही आणि दौत आणून ओसरीवर ठेवली. गोजरबाई चोळखणासाठी थांबली होती. त्यांनी वही उघडली.

"गोजर," ते म्हणाले, "यातल्या खऱ्या किती?"

"तुमाले किती पाह्यजेत?"

आजोबांना राग यायला हवा होता. त्यांनी नुसती मान हलवली. मग विचारलं, "हे सगळं तू कशासाठी केलंस? तुला काय मिळालं?"

"पयलं पान काढा ना."

आजोबांनी पहिलं पान काढलं. ते लिहिलं तेव्हा ते बावीस वर्षांचे होते, नुकते काशीहून शिकून आलेले. त्यांनी डोळ्यांजवळ धरून वाचलं, आधी मनात आणि मग ओठांनी: गोजर. अमावास्या. मंगळवार. वस्त्र तांबडं. फल: वैधव्य.

"आठव्या दिवशी आणून घातलं मले," गोजरबाई म्हणाली. "उकंड्या घाबरला. तेरा वर्साची होतो मी. तुमच्या रुक्मीएवढी."

आजोबांना ती आठवत नव्हती. हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि तेच मला सगळ्यात वाईट वाटलं. त्रेचाळीस वर्षं ती बाई या अंगणात येत होती. अपवाद म्हणून त्यांनी ती ओळ पुस्तकातसुद्धा घातली होती, आणि ती ओळ म्हणजे ही बाई, हे त्यांना माहीत नव्हतं.

"उकंडराव आहे ना अजून?" त्यांनी विचारलं.

"हाय ना. जलंबले. नऊ लेकरं हायेत त्याले."

आजोबांनी टाक दौतीत बुडवला. पहिल्या ओळीवर टाक धरून ते म्हणाले, "सांग, काय लिहू? बीज लिहितो. गुरुवार. वस्त्र पांढरं." आणि मग, मी त्यांच्या तोंडून कधी न ऐकलेल्या आवाजात, "सांग ना, माय."

गोजरबाईनं मान हलवली. "राहू द्या, महाराज. त्या वहीत तेवढं एकच खरं हाय."

आजोबांनी टाक पुसून ठेवला. दुसरी आवृत्ती निघाली नाही. मी सासरी गेले, माझा नवरा ऐंशी वर्षं जगला. वही आता माझ्याकडे आहे. तिच्यात एकशे चव्वेचाळीसावी ओळ आखलेली आहे आणि कोरी आहे. ती माझी.